मेंढीच्या रक्तावर जगणारे: रोग नेमका कोण आणतो?

सोयाबीन निघून वावरं मोकळी होऊ लागली की यवतमाळ जिल्ह्यात मेंढरांचे कळप नजरेस पडू लागतात. पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यातल्या हटकर धनगरांचे कळप इथलेच. त्यांच्या जोडीला कच्छकडचे रबारी येतात. त्यांना आपल्याकडे सरसकट काठेवाडी म्हणतात. उंटांवर बिऱ्हाड लादून ते वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर असे फिरत राहतात. शेतकरी त्यांना वावरात मेंढरं बसवायला बोलावतो. कळप तिथे काही रात्री मुक्काम करतो, जमिनीला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा रोकड मिळते. नेमक्या याच दिवसांत जमिनीत ओल असते, नाले वाहते असतात, गोठ्यामागचे उकिरडे भिजलेले असतात. रक्त पिणाऱ्या किड्यांचीही वर्षातली मोठी गर्दी तेव्हाच असते.

या गर्दीतला कोणता किडा मेंढीला नुसता छळतो आणि कोणता तिच्या रक्तात रोग सोडतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. यवतमाळमध्ये तो सहसा विचारला जात नाही, कारण मेंढी हे इथलं मुख्य जनावर नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीच्या वर शेळ्या आहेत. मेंढ्यांचा मोठा भरणा नगर, सोलापूर, सातारा, सांगली, पुणे या बाजूला. विदर्भात बैल, गाई आणि बकऱ्या हेच पशुधन. पण मेंढ्यांची संख्या कमी म्हणून प्रश्न लहान होत नाही. इथली मेंढी गाई-बैलांच्या गोठ्यांशेजारी रात्र काढते, जिल्ह्यामागून जिल्हा ओलांडते आणि टिपेश्वर, पैनगंगा अभयारण्यांच्या कडेला चरते. एका ठिकाणचं रक्त दुसऱ्या ठिकाणच्या किड्यापर्यंत पोचायला याहून सोयीची व्यवस्था शोधावी लागणार नाही.

आधी अंगावर कोण कोण असतं ते पाहू. परदेशी पुस्तकांत मेंढीचा रक्तपिपासू म्हणून पहिलं चित्र येतं ते मेलोफॅगस ओव्हिनस या बिनपंखी माशीचं. ती दिसायला गोचिडीसारखी असली तरी तिला पाय सहाच. ती आयुष्यभर मेंढीच्या लोकरीत राहते, अंडी न घालता एकेक वाढलेली अळी देते आणि तिचा कोष लोकरीलाच चिकटून बसतो. थंड हवा आणि दाट लोकर हे तिचं घर. भारतात ती काश्मीर-हिमाचलच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांवर भेटते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या यवतमाळमध्ये, विरळ आणि भरड लोकरीच्या, कातरणी होणाऱ्या मेंढीवर तिचा निभाव लागण्यासारखा नाही. आपल्याकडे उवा असतात. त्यातल्या काही फक्त त्वचेचा कोंडा खातात आणि काही, लिनोग्नॅथस जातीच्या, खरोखर रक्त पितात. कोकरांवर पिसवा पडतात आणि फार झाल्या की कोकरू पांढरं पडून मरतं. नाकाडावर, कानावर, पायांवर, पोटाच्या उघड्या कातडीवर गोठ्यातली चावरी माशी आणि घोडमाशी बसते. संध्याकाळी डास आणि चिलटं येतात. गोचीड आठ पायांची, त्यामुळे कीटकांच्या यादीत तिला जागा नाही. पण मेंढीचं रक्त आणि रोग हा विषय तिला वगळून लिहिता येत नाही, म्हणून ती पुढे येईल.

या सगळ्यांकडे पाहताना दोन गैरसमज वारंवार घडतात आणि दोन्हींची किंमत मेंढपाळ मोजतो. पहिला म्हणजे जो किडा डोळ्यांना दिसतो त्याच्यावरच संशय घेणं. दुसरा गैरसमज अभ्यासकांचा. किड्याच्या पोटात रोगजंतूचा अंश सापडला की तो किडा वाहक ठरला, असं मानलं जातं.

दुसऱ्या गैरसमजाला मेलोफॅगसचंच उदाहरण घेता येईल. २०११ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी मेंढ्यांवरच्या या माशीत अ‍ॅनाप्लाझ्मा ओव्हिस या रक्तपेशींतल्या जिवाणूचा डीएनए सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पण मेंढीचं रक्त पिऊन जगणाऱ्या माशीच्या पोटात मेंढीच्या रक्तात जे असेल ते सापडणारच. तिने तो जिवाणू दुसऱ्या मेंढीला दिला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या डीएनएत नसतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत याच माशीवर नीलजिव्हा रोगाचे प्रयोग झाले आणि रोगी मेंढीवरून उचललेली माशी निरोगी मेंढीवर सोडल्यावर रोग पोचू शकतो असं दिसलं. तरीही जगात नीलजिव्हेच्या साथी या माशीमुळे आल्या असं कोणी म्हणत नाही. प्रयोगशाळेत जे घडू शकतं ते रानात साथ पसरवण्याइतकं घडतंच असं नाही.

म्हणून वाहक ठरवण्याची कसोटी कडक ठेवावी लागते. रानातून पकडलेल्या, पोटात ताजं रक्त नसलेल्या किड्यात जिवंत विषाणू किंवा परजीवी मिळाला पाहिजे. रोगी जनावराचं रक्त प्याल्यावर त्या किड्याला लागण होते हे दिसलं पाहिजे. तोच किडा पुढे निरोगी जनावराला चावून रोग देतो हे सिद्ध झालं पाहिजे. आणि रोग ज्या गावात, ज्या महिन्यात आहे तिथे, तेव्हा तो किडा भरपूर असला पाहिजे. या चार गोष्टी जुळल्या तरच बोट दाखवावं. यवतमाळच्या संदर्भात या चौकटीत बसणारे रोग मोजके आहेत आणि त्यात सर्वांत वर नीलजिव्हा आहे.

नीलजिव्हा हा विषाणूचा रोग. मेंढीला १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप येतो. ओठ, चेहरा, कान सुजतात, तोंडातून लाळ आणि नाकातून स्राव गळतो, मग नाकपुड्यांवर खपली धरते. खुराच्या वरच्या कडेला लालसर पट्टा उमटतो आणि मेंढी लंगडते. काही मेंढ्यांची मान वाकडी होते. गाभण मेंढी गाभडते. जीभ निळी पडण्याचं लक्षण थोड्याच मेंढ्यांत दिसतं आणि नेमकं तेच शोधत बसल्याने रोग हुकतो. लाळ्या खुरकूत, पीपीआर, देवी, कोकरांच्या ओठांवर येणारा मावा या सगळ्यांत तोंड आणि नाक बिघडतं. वाड्यावर उभं राहून यातला फरक करणं अनुभवी पशुवैद्यालाही कठीण जातं. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत गेला नाही तर नोंदवहीत भलतंच नाव पडतं आणि नीलजिव्हा जिल्ह्यात नाहीच असं कागदोपत्री वाटू लागतं.

महाराष्ट्राचं आणि या रोगाचं नातं जुनं आहे. भारतात नीलजिव्हेचा पहिला वृत्तान्त १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांमधल्या उद्रेकाचा होता. लिहिणारे होते सप्रे. त्यानंतरच्या काळात लोकर सुधारण्यासाठी बाहेरून मेरिनो, रॅम्बुलेट, कॉरिडेल अशा जातींच्या मेंढ्या आल्या. त्यांच्यात आणि त्यांच्या संकरित वंशात रोग जोरात उठला. देशी मेंढीला हा रोग फारसा होत नाही असा समज मग बळावला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांमध्ये देशी मेंढ्याही मोठ्या संख्येने मरू लागल्या आणि तो समज मागे पडला. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडू या भागात पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या महिन्यांत साथी येतात. यवतमाळची दक्षिण सीमा पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. रोग पसरवणाऱ्या किड्याला ही सीमा अडवत नाही.

हा किडा म्हणजे चिलट, शास्त्रीय नाव क्युलिकॉइड्स. लांबी एक ते तीन मिलिमीटर. मेंढपाळाला ते त्रास म्हणून जाणवतं, रोग म्हणून नाही, कारण ते दिसतच नाही म्हणण्याइतकं लहान असतं आणि अंधार पडू लागल्यापासून ते पहाटेपर्यंत चावतं. दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांच्या अनुभवाने आधीच सांगितलं होतं की रात्री मेंढ्या बंदिस्त ठेवल्या किंवा उंचावरच्या माळावर नेल्या तर रोग टळतो. १९४४ मध्ये ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय संस्थेत दु टॉइट यांनी क्युलिकॉइड्समधूनच विषाणू मेंढीला जातो हे दाखवून दिलं आणि त्या अनुभवाचं कारण कळलं. भारतात १९८८ मध्ये हिसारच्या संशोधकांनी चिलटांमधून नीलजिव्हेचा विषाणू वेगळा काढला. द्वीपकल्पीय भारतात क्युलिकॉइड्स ऑक्सिस्टोमा, पेरेग्रिनस आणि इमिकोला या जाती सापडतात आणि त्यांच्यावर संशय आहे.

चिलटाच्या शरीरात काय घडतं हे समजून घेण्याजोगं आहे. इथे माशीच्या सोंडेवर रक्त लागून ते पुढच्या जनावराला लागणं असा सरळ प्रकार नाही. चिलट रोगी जनावराचं रक्त पितं, विषाणू त्याच्या आतड्याच्या भिंतीतून आत जातो, वाढतो, लाळग्रंथींपर्यंत पोचतो आणि मगच पुढचा चावा घातक ठरतो. हवा २५ ते ३० अंशांची असेल तर यासाठी साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. थंडीत हीच वाढ मंदावते आणि फार थंडीत थांबते. पुसद किंवा राळेगावात सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं सरासरी तापमान याच्याच आसपास असतं. लागण झालेलं चिलट अंड्यातून विषाणू पुढच्या पिढीला देत नाही, त्यामुळे साठा राखण्याचं काम जनावरांना करावं लागतं.

ते काम गाई-बैल करतात. यवतमाळसाठी माझ्या मते हाच कळीचा मुद्दा. गुरांना नीलजिव्हेची लागण होते, पण बहुतेकांत काही दिसत नाही. बैल ताठ उभा असतो, गाय दूध देत असते आणि रक्तात कित्येक आठवडे, कधी दोन महिन्यांपर्यंत विषाणू फिरत असतो. अनेक जातींची चिलटं मेंढीपेक्षा गाईवर जास्त बसतात आणि काही जाती वाढतातच ओल्या शेणात किंवा शेण मिसळलेल्या चिखलात. मेंढीची लेंडी लवकर वाळते, तिच्यात त्यांना फारशी सोय नसते. म्हणजे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातला गोठा आणि त्याच्यामागचा ओला उकिरडा हा चिलटांचा कारखानाही असतो आणि विषाणूचं कोठारही. त्याच्याशेजारी वावरात बाहेरून आलेला कळप रात्रीचा बसला की उरलेलं काम वाऱ्याविनाही होतं, कारण चिलट स्वतःच्या पंखांवर काहीशे मीटर सहज जातं. रोग मेंढीत दिसतो, म्हणून दोष मेंढपाळावर येतो आणि गावोगाव त्याला हाकललं जातं. मूळ साठा मात्र हाकलणाऱ्याच्या गोठ्यात असू शकतो. हे बोलायला अवघड आहे, पण गावसभेत कोणीतरी बोललं पाहिजे.

युरोपचा एक धडा इथे उपयोगी आहे. नीलजिव्हा हा उष्ण प्रदेशाचा रोग आणि त्याचा वाहक क्युलिकॉइड्स इमिकोला, असं तिथे मानत असत. ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमाभागात विषाणूचा आठवा सीरोटाइप, म्हणजे उपप्रकार, उगवला. इमिकोला त्या भागात नव्हतं. तिथल्याच थंड हवेत वाढणाऱ्या, तोवर फारसा विचार न केलेल्या चिलटांनी तो पसरवला आणि पुढच्या दोन वर्षांत रोग बहुतेक पश्चिम युरोपभर गेला. दुसरीकडचा अभ्यास वाचून आपल्याकडे हीच जात वाहक असणार असं धरणं त्यामुळे धोक्याचं. यवतमाळचा वाहक यवतमाळच्या रात्रीतच शोधावा लागेल.

रोगावर लस आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या नीलजिव्हाविषयक अखिल भारतीय जाळ्यातून पाच सीरोटाइपची, म्हणजे १, २, १०, १६ आणि २३ यांची, निष्क्रिय लस तयार झाली. अडचण अशी की या विषाणूचे जगात दोन डझनाहून अधिक सीरोटाइप आहेत, त्यातले बरेच भारतात मिळाले आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. आपल्या भागात कोणता सीरोटाइप फिरतो हे माहीत नसताना दिलेली लस अर्धी आशाच असते. म्हणून रोगनिदान आधी, लस नंतर.

चिलटांनंतर माशा. त्यांची पद्धत वेगळी. चावरी माशी, शास्त्रीय नाव स्टोमोक्सिस, सोंड खुपसते तेव्हा मेंढीला वेदना होते. मेंढी पाय आपटते, मान झटकते, माशी अर्धवट पोटाने उडून शेजारच्या मेंढीवर बसते. सोंडेवर राहिलेलं जुन्या जनावराचं रक्त थेट नव्या जखमेत जातं. यात विषाणू माशीत वाढत नाही, फक्त काही मिनिटं प्रवास करतो. म्हणून हा मार्ग दाट बसलेल्या कळपातच चालतो, दूरच्या गावाला रोग नेत नाही. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये किचिंग आणि मेलर यांनी शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूवर हे तपासलं. चावऱ्या माशीने तो निरोगी शेळीला पोचवला. उवा, डोक्याभोवती घोंघावणारी माशी आणि चिलटं यांना मात्र ते जमलं नाही. देवी मुख्यतः श्वास, स्पर्श आणि खपल्यांतूनच पसरते. माशी त्यात भर घालते. पण वाडा दाट असेल, पाऊस असेल आणि शेण साचलं असेल तर ही भरही मोठी होते.

याच देवीच्या कुळातला विषाणू अलीकडे महाराष्ट्राने गुरांमध्ये पाहिला. लम्पी चर्मरोग २०१९ मध्ये ओडिशात दिसला, २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंचा भागातून आपल्या राज्यात आला आणि २०२२ मध्ये राज्यभर गाई-बैल तडफडून मेले. मेंढ्यांना तो रोग होत नाही. पण गुरांना वाचवण्यासाठी जी लस दिली गेली ती शेळ्यांच्या देवीची होती, कारण दोन्ही विषाणू एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. त्या वेळी गावागावांत गोठ्यात धूर केला गेला, फवारणी झाली, डास-माशांबद्दल बोललं गेलं. ती जाग मेंढ्यांपर्यंत पोचली नाही, याची खंत वाटते.

घोडमाशीचं नाव निघालं की तिच्या चाव्यातून पसरणारा सर्रा हा रोग आठवतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा रक्तातला परजीवी १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान इथे घोडे आणि उंटांत शोधला. उंट आणि घोडा त्याने खंगून मरतात. गाय, म्हैस, मेंढी बहुधा वरवर बऱ्या दिसतात आणि परजीवी बाळगून राहतात. रबारी बिऱ्हाडात उंट आणि मेंढ्या एकत्र चालतात, हे इथे विसरू नये. या परजीवीने माणसाला लागण होत नाही असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. ते २००४ मध्ये यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात बदललं. तिथल्या एका शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा ताप येत होता आणि नागपूरला तपासताना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला. जगात अशा रीतीने पूर्ण नोंदवलेला तो पहिला रुग्ण. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. नंतर कळलं की आपल्या रक्तात हा परजीवी मारणारं एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं आणि ते त्या माणसाच्या शरीरात बनतच नव्हतं. त्याच्या गावातल्या सुमारे १,८०० लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली, परजीवी कोणातच मिळाला नाही. विदर्भातल्या जनावरांत हा परजीवी फिरतो आणि माणसं त्याच्या इतकी जवळ राहतात, हे या एका घटनेने ठसठशीत सांगितलं.

गोचिडींकडे आलं की चित्र पालटतं, कारण त्यांच्याबाबत मेंढपाळ जागरूक असतो. तो रोज संध्याकाळी मेंढीच्या कानात, काखेत, शेपटीखाली बोटं फिरवून गोचिडी काढतो. मात्र पुष्कळदा त्या नखावर नख धरून चिरडतो. इथे मी आग्रहाने लिहितो: हे करू नये. क्रिमियन-कांगो रक्तस्रावी ताप नावाचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडींतून फिरतो, त्या गोचिडी महाराष्ट्रातही आहेत आणि चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटावरच्या चिरेतून आत गेलं तर माणसाला लागण होऊ शकते. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात कोलाट गावची एक स्त्री या तापाने गेली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही दगावले. भारतात या रोगाचा तो पहिला खात्रीशीर उद्रेक. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पुढाकाराने २०१३-१४ मध्ये २२ राज्यांतल्या गुरं, मेंढ्या, शेळ्यांचे ५,६३६ रक्तनमुने तपासले गेले. ३५४ नमुन्यांत प्रतिपिंडं मिळाली. विषाणू देशभर पसरलेला आहे. मेंढीला काहीच होत नाही, आठवडाभर विषाणू तिच्या रक्तात राहून जातो. तो कोणाला कळतच नाही. कळतो तो माणूस आजारी पडल्यावर.

गोचिडींचीच आणखी एक गोष्ट आपल्या संस्थांनी उलगडली आहे. १९५० च्या दशकात ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात शेळ्यांवरच्या हीमाफायसॅलिस गोचिडीतून एक विषाणू मिळाला आणि त्याला गंजम हे नाव पडलं. पुढे त्याने संकरित शेळ्या-मेंढ्यांना आजारी पाडल्याचं आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ताप आल्याचं दिसलं. २००२ मध्ये जनुकीय तुलनेतून कळलं की हा विषाणू म्हणजे १९१० मध्ये पूर्व आफ्रिकेत ओळखलेल्या नैरोबी मेंढीरोगाच्या विषाणूचाच भारतीय रूपभेद आहे. एकाच रोगाला दोन खंडांत दोन नावं मिळून तो अर्धशतक वेगळा समजला गेला.

वाळूमाशी आणि तिच्यामार्फत पसरणारा चांदीपुरा विषाणू यांवर थोडक्यात लिहितो, कारण तिथे मेंढीचा भाग अजून ठरायचा आहे. हा विषाणू १९६५ मध्ये नागपुरात तापाच्या रुग्णांत सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना लागण झाली आणि त्यातली १८३ दगावली. विदर्भातही तो पुन्हा पुन्हा उठला आहे. वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याजवळ राहते, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं मिळालेली आहेत. प्रतिपिंड असणं म्हणजे साठा असणं नव्हे, हे वरच्या कसोटीनेच सांगितलं. पण शोधायची जागा कोणती, हे कळायला तेवढं पुरेसं आहे.

आता उपाय. यवतमाळमध्ये औषध हा शब्द जपून वापरावा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मेले. ती औषधं अजून शेतघरांत असतात. कापसाचं उरलेलं औषध पाण्यात मिसळून मेंढरावर मारणं म्हणजे मेंढी, मेंढपाळ आणि ते मांस खाणारा या तिघांनाही संकटात टाकणं. जनावरांसाठीची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधं पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेतच घ्यावीत आणि मांस विकण्याआधीचा सांगितलेला कालावधी पाळावा. तीच ती औषधं वर्षानुवर्षं कमी मात्रेत वापरल्याने देशात अनेक ठिकाणच्या गोचिडी त्यांना दाद देईनाशा झाल्या आहेत. चिलटांवर तर फवारणीचा असर आणखी कमी टिकतो, कारण पुढच्या संध्याकाळी शेजारच्या उकिरड्यातून नवी येतात. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केल्याने चिलटं काही काळ दूर राहतात, म्हणून ती सोडू नये, पण तिच्यावर विसंबूही नये.

जास्त उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कळप बसवताना गोठा आणि उकिरड्यापासून शक्य तितकं लांबचं, उंच, वारं लागणारं वावर निवडावं. नाल्याकाठ टाळावा. गोठ्यामागचं शेण झाकून किंवा वाळवून ठेवावं, नाल्या वाहत्या ठेवाव्यात. गोचिडी काढताना हातात मोजा किंवा निदान कापड असावं आणि काढलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. कळपात दोन-तीन मेंढ्यांना एकदम ताप आला, चेहरा सुजला, पाय लंगडले तर खुरकूत समजून पुढच्या गावी जाऊ नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं. आणि दवाखान्याने रक्त न घेता मेंढपाळाला परत पाठवू नये. फिरत्या मेंढपाळाचं गाव, तालुका, रेशनकार्ड दुसरीकडचं असतं म्हणून त्याची नोंद कोणाच्याच हद्दीत होत नाही. रोगनोंदीतली ही पोकळी लस-औषधांच्या तुटवड्याहून मोठी आहे असं मला वाटतं.

नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच शहरात राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली, जिचा विषयच माणूस, जनावर आणि निसर्ग यांच्यातले सामायिक रोग हा आहे. अमरावतीजवळ पोहऱ्याला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पुण्यात रोग अन्वेषण विभाग आणि राष्ट्रीय विषाणू संस्था आहेत. माणसं आणि प्रयोगशाळा आहेत. त्यांना जोडणारं वावरातलं काम उरलं आहे.

ते काम असं. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, पैनगंगेकाठच्या उमरखेड-पुसद भागात आणि वर्धा नदीकाठच्या राळेगाव-कळंब भागात, दर पंधरवड्याला सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत अतिनील प्रकाशाचे सापळे लावायचे: एक गोठ्याजवळ, एक मेंढरांच्या वाड्याजवळ. सापडलेली चिलटं थंडाव्यात ठेवून जातीनुसार वेगळी करायची. पोटात ताजं रक्त असलेल्या माद्या बाजूला काढायच्या, कारण त्यांच्यात सापडलेला विषाणू त्यांचा असेलच असं नाही. उरलेल्या माद्यांपैकी ज्यांच्या पोटाच्या भिंतीवर लालसर-तपकिरी रंग चढलेला आहे त्यांनी आधी एकदा रक्त पिऊन अंडी घातलेली असतात. त्याच वेगळ्या ठेवून विषाणूसाठी तपासायच्या. त्याच रात्रीच्या वाड्यातल्या मेंढ्यांचं आणि शेजारच्या गोठ्यातल्या गाई-बैलांचं रक्त घ्यायचं, मेंढ्यांत दिसलेला ताप, सूज, गाभडणं यांची तारीखवार नोंद ठेवायची आणि कळप जिथून आला, जिथे गेला त्या गावांची नावं तिच्याशेजारी लिहायची.